पडवीतली 1948ची एमजी: दुरुस्त करून विकावी, की आहे तशी?

सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकाचं पत्र, थोडक्यात: वडिलांनी सत्तरच्या दशकात मुंबईहून एमजी टीसी ही दोन आसनी, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार आणली. गाडी 1948ची. तीसेक वर्षांपासून ती घराच्या मागच्या पडवीत उभी आहे. मधल्या काळात कधीतरी मूळ इंजिन उतरवून फियाट 1100चं इंजिन बसवलं गेलं. मूळ इंजिन सुटं होऊन कोपऱ्यात पोत्यावर पडलं आहे. आरसी बुक वडिलांच्या नावावर आणि वडील दोन वर्षांपूर्वी गेले. थोरल्या भावाच्या ओळखीचा गॅरेजवाला दहा लाखांत गाडी ‘नवीकोरी’ करून देतो म्हणतो. मग विकली तर दुप्पट येतील असा भावाचा हिशेब. मुंबईचा एक दलाल आहे तशीच सहा लाख रोख देऊन न्यायला तयार आहे, ‘कागदांचं मी बघतो’ म्हणतो. कॅनडातल्या बहिणीच्या मते ती परदेशात कोटीत जाईल. आईला विकायचीच नाही. पत्रलेखकाला वाद नको आहे आणि फसायचंही नाही.

तुमच्या पत्रात गाडीच्या किमतीबद्दल तीन जणांची तीन मतं आहेत, पण चासी नंबर कुठेच नाही. हे तुम्हाला टोचावं म्हणून लिहीत नाही. बहुतेक घरांत असंच होतं: गाडीकडे कोणी नीट वाकून पाहण्याआधीच आकड्यांवरून भांडण सुरू होतं. तेव्हा आधी आकडा बाजूला ठेवू आणि तुमच्याकडे नेमकं काय आहे ते पाहू.

टीसी 1945 ते 1949 या काळात इंग्लंडमधल्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात बनली, साधारण 10,000. सगळ्या उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या. अमेरिकेला ज्या सुमारे 2,000 गेल्या त्यासुद्धा. म्हणजे भारतात ती दुर्मिळ असली तरी जगात नाही. इंग्लंड-अमेरिकेत तिचे मालक हजारोंनी आहेत आणि लिलावांचे निकाल जाहीर असतात. सर्वसाधारण टीसी, अगदी चालती असली तरी, तिकडेही कोटीच्या घरात जात नाही, हे तुमच्या बहिणीला अर्ध्या तासात स्वतः तपासता येईल. शिवाय 1950पूर्वीच्या गाड्या भारताबाहेर पाठवणं हा सरळ मामला नाही, निर्यातीवर बंधनं आहेत. ‘मी परदेशात पाठवून देतो, तुम्ही फक्त सही करा’ असं कोणी म्हणालं तर तो कोणत्या परवान्यावर पाठवणार हे लेखी मागा. तेवढ्यावर बहुतेकांचा फोन पुन्हा येत नाही. तुमचा खरा ग्राहक भारतातच आहे, असं धरून चला.

जगात या गाड्या भरपूर असण्याचा एक मोठा फायदाही आहे. टीसीचे जवळजवळ सगळे सुटे भाग आजही नवे मिळतात. टीसी ही एमजीच्या टी मालिकेतली गाडी; ब्रिटन-अमेरिकेत या मालिकेच्या पार्टवरच चालणारी दुकानं आहेत. वायरिंगचा संच, कार्बोरेटरचे जेट, ब्रेकचे सिलिंडर, लाकडी सांगाडासुद्धा तयार मिळतो. ‘पार्टच मिळत नाहीत’ हे कारण सांगून कोणी भाव पाडत असेल तर ते मान्य करू नका. मिळतात, पण भाडं आणि सीमाशुल्क धरून महाग पडतात, आणि खरा खर्च भागांचा नसतो, कामाचा असतो.

दहा लाखांत काय येतं?

गॅरेजवाला खोटं बोलतो असं मला वाटत नाही. त्याच्या डोक्यात डेंटिंग, पेंटिंग, सीटकव्हर, टायर आणि गाडी सुरू करणं एवढं आहे. टीसीचं दुखणं आत असतं. या गाडीची बॉडी म्हणजे अ‍ॅश या इंग्रजी लाकडाचा सांगाडा आणि त्यावर खिळे-स्क्रूंनी ठोकलेला पत्रा. पत्रा वरून धडधाकट दिसत असताना आतलं लाकूड पिठासारखं झालेलं असू शकतं. इंग्लंडात ते ओलीने कुजतं. आपल्याकडे त्यात वाळवीची भर.

हे तपासायला मिस्त्री लागत नाही. टीसीचे दरवाजे मागच्या बाजूला बिजागरीवर असतात. दरवाजा अर्धा उघडा, टोकाला धरून हलकेच वर उचला. दरवाज्याबरोबर मागचा खांबही हलत असेल तर तो खांब बुडाशी गेलेला आहे. मग गाडीखाली टॉर्च घेऊन दरवाज्याखालच्या लांब लाकडी पट्ट्या पाहा आणि त्यांच्या टोकांना बारीक स्क्रूड्रायव्हर दाबा. चांगल्या लाकडात टोक रुतत नाही, कुजलेल्यात दांडीपर्यंत जातं. पॅडलच्या जागी पाय ठेवायची फळी, पेट्रोल टाकीच्या पुढची उभी चौकट आणि डॅशबोर्डमागची आडवी पट्टी इथेही पाहा. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. तिचा बंदोबस्त आधी जमिनीत आणि भिंतीत करा, गाडीवर औषध फवारू नका, रंग आणि रबर दोन्ही खराब होतात.

लाकूड गेलेलं असेल तर पत्रा उतरवणं, सांगाडा नवा करणं, पत्रा पुन्हा चढवणं आणि दरवाजे मापात आणणं हे सहा-आठ महिन्यांचं सुतारकाम आहे. ते न करता वरून पुट्टी आणि रंग मारला, तर खड्ड्यांच्या पहिल्याच रस्त्यावर दरवाज्याच्या कोपऱ्यांतून रंगाला चिरा पडतात. जाणता ग्राहक आधी तिथेच बघतो. काही ठिकाणी अ‍ॅशऐवजी सागवान वापरतात. सागवान टिकतं, पण ते तेलकट असल्याने सांध्यांवर साधा गोंद नीट धरत नाही, आणि अ‍ॅशइतकं लवचिक नसल्याने वळणाच्या जागी तडकतं. त्यामुळे ‘सागवानात करून देतो’ हे ऐकायला भारदस्त वाटलं तरी त्याने किंमत वाढेलच असं नाही.

अर्धवट दुरुस्ती हा विकणाऱ्याचा सगळ्यात वाईट सौदा असतो. ताज्या रंगाची, आत काय आहे ते न कळणारी गाडी पाहून ग्राहक वाईटात वाईट धरून चालतो. धुळीने माखलेल्या, हात न लागलेल्या गाडीत त्याला स्वतःच्या डोळ्यांनी सगळं दिसतं आणि तो त्याचे पैसे देतो. भावाच्या हिशेबातली दुसरी चूक म्हणजे त्याने फक्त विक्रीची रक्कम धरली आहे. गणित समजावं म्हणून समजा, तयार गाडी तीस लाखांना जाईल आणि काम खरोखर अठरा लाखांत होईल. तर आहे तशा गाडीची किंमत बारा लाख होत नाही. दोन वर्षं अडकलेले पैसे, काम वाढण्याची जोखीम आणि घेणाऱ्याची स्वतःची मेहनत त्यातून वजा होते, आणि आकडा सात-आठवर येतो. तुम्ही स्वतः काम करून घेतलं तर हीच जोखीम तुमच्या अंगावर येते, आणि तुम्हाला या कामाची सवय नाही. हे आकडे माझे आहेत, बाजाराचे नव्हेत. तुम्ही तुमचे घालून पाहा. भावाला मात्र एक सांगा: गॅरेजवाल्याकडून कामाची बाबवार यादी लेखी मागा. लाकूड, क्रँक आणि बोअरचं मशीनकाम, ब्रेक, 19 इंची तारांच्या चाकांचे आरे आणि हबचे दाते, क्रोम, वायरिंग, कॅनव्हासचा टप असे वेगवेगळे आकडे आणि प्रत्येकापुढे ‘वाढल्यास किती’. ही यादी द्यायला तो तयार नसेल तर दहा लाख हा आकडा अंदाजसुद्धा नाही.

कोपऱ्यातलं इंजिन

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ही होती, आणि ती तुम्ही जाता जाता लिहिली आहे. फियाटचं इंजिन बसवणं हे त्या काळात सर्रास होत होतं. परदेशी पार्ट आयात करणं अशक्य होतं आणि फियाट 1100 इथेच बनत होती. त्यात वडिलांचा काही दोष नाही. पण पोत्यावर पडलेलं ते 1250 सीसीचं एक्सपीएजी (टीसीचं मूळ) इंजिन खरोखर याच गाडीचं असेल, तर गाडीच्या किमतीतला मोठा वाटा त्यात आहे. ते भंगारात जाता कामा नये, आणि शेजारच्या कोणी ‘साफ करून ठेवतो’ म्हणून नेताही कामा नये.

आधी नंबर जुळवा. चासी नंबर डाव्या बाजूच्या पुढच्या चासी-टोकावर, स्प्रिंग जिथे अडकते त्याच्या जवळ कोरलेला असतो. ‘टीसी’ या इंग्रजी अक्षरांनंतर आकडे. हे आकडे 0251पासून सुरू होतात, कारण कारखान्याचा टेलिफोन नंबर 251 होता. त्याहून लहान आकडा दिसला तर काहीतरी गडबड आहे. तिथली माती आणि ग्रीस रॉकेल लावून मऊ ब्रशने काढा. पॉलिश पेपर, वायर ब्रश, ग्राइंडर अजिबात नको. घासलेला नंबर म्हणजे संशयित नंबर. इंजिनाचा नंबर ब्लॉकच्या मागच्या भागात, बेलहाउसिंगजवळ (जिथे गिअरबॉक्स जोडला जातो) रिव्हेट केलेल्या अष्टकोनी पितळी पट्टीवर असतो. बॉनेटखाली हत्यारांच्या पेटीवर कारखान्याची पट्टी असते, तिच्यावर गाडीचा आणि इंजिनाचा असे दोन्ही नंबर सापडतात. आता हे सगळे आरसी बुकशी ताडून पाहा. आरसीवर मूळ इंजिनाचा नंबर असेल तर उत्तम. फियाट इंजिनाचा असेल तर बदल त्या वेळी आरटीओत नोंदवला गेला होता, हेही चांगलंच, फक्त ग्राहकाला आधी सांगावं लागेल. दोन्हींपैकी एकही जुळत नसेल तर विक्रीआधी निस्तरायचं काम तिथे आहे.

पितळी पट्टी सुटी झालेली असेल तर ती ब्लॉकवर परत ठोकू नका. जशी सापडली तशी, फोटो काढून, डबीत ठेवा. नव्या रिव्हेटची पट्टी बघितली की जाणकाराला वाटतं की पट्टी कुठून तरी आणली.

इंजिनाचे तुकडे एकत्र ठेवा: ब्लॉक, हेड, क्रँक, कॅम, रॉकर शाफ्ट, अ‍ॅल्युमिनियमचा संप (तळातलं तेलाचं भांडं), दोन्ही एसयू कार्बोरेटर, डायनॅमो. प्रत्येक वस्तू जाड प्लास्टिकच्या पिशवीत, आत कापडाला थोडं इंजिन ऑइल लावून, वर मराठीत चिठ्ठी. गुळगुळीत घासून चकचकीत करायचा मोह टाळा. आणि गावातल्या मिस्त्रीला ते ‘तात्पुरतं जोडून’ बघू देऊ नका. या इंजिनाचे आटे चमत्कारिक आहेत: बोल्ट मेट्रिक मापाचे, पण डोकी व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाच्या पान्याची. 8 मिलिमीटरच्या बोल्टचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 1.0 असतो, बाजारात सहज मिळणाऱ्या 8च्या बोल्टचा 1.25. तो जबरदस्तीने फिरवला की पहिले दोन फेरे बसल्यासारखा वाटतो आणि मग ब्लॉकमधला आटाच खाऊन टाकतो. एका दुपारीत लाखभराचं नुकसान करायचं असेल तर हा सोपा मार्ग आहे.

गाडीत आत्ता बसलेलं फियाट इंजिनही सुरू करून पाहायचा हट्ट नको. तीस वर्षांचं पेट्रोल टाकीत डिंकासारखं झालेलं असतं, टाकीचा गंज पंपात जातो, आणि बॅटरी जोडताना या गाड्यांच्या मूळ वायरिंगमध्ये अर्थ पॉझिटिव्हला आहे (म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक चासीला जोडतात) हे कोणाच्या लक्षात येत नाही. ढकलगाडी करून गिअरमध्ये टाकणं तर मुळीच नको. जाम झालेलं इंजिन असं सुटत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. पाहायचं असेल तर एवढं पाहा की फियाट बसवताना काय कापलं. गिअरबॉक्स एमजीचाच आहे की तोही फियाटचा? चासीची आडवी नळी किंवा पट्टी कापली आहे का, इंजिनाचे माउंटिंग वेल्ड केले आहेत का? ग्राहक हे विचारणारच. फोटो तयार ठेवा.

आणखी एक शोधमोहीम घरातच करा, माळ्यावर, कोठीत, वडिलांच्या पेटीत. टीसीचे मीटर जेगर कंपनीचे असतात आणि त्यांत एक गंमत आहे: ड्रायव्हरसमोर इंजिनाच्या फेऱ्यांचा मीटर, वेगाचा मीटर शेजारी बसणाऱ्यासमोर. एखादा काढून ठेवलेला असेल. लुकासचे दिवे, काचेची दुमडती चौकट, टपाच्या लोखंडी कमानी, बाजूच्या कॅनव्हासच्या खिडक्या, चाकांचे मधले कानवाले नट, सुरू करायचा हँडल, जुनी बिलं, फोटो, पेट्रोलच्या पावत्या. प्रत्येक मूळ वस्तू ग्राहकाच्या यादीतला एकेक खर्च कमी करते. वडील गाडीशेजारी उभे असलेला, पाटी दिसणारा एखादा जुना फोटो मिळाला तर तो कुठल्याही रंगकामापेक्षा जास्त उपयोगाचा आहे, कारण ती गाडी तेव्हा कशी होती याचा तो पुरावा आहे. मूळ प्रत देऊ नका, स्कॅन द्या.

‘कागदांचं मी बघतो’

दलालाच्या या वाक्याचा अर्थ समजून घ्या. जुन्या गाडीच्या धंद्यात आरसी बुक ही स्वतंत्र किंमत असलेली वस्तू आहे. गाडी सुटी करून चाकं एकाला, मीटर दुसऱ्याला, आणि आरसी व चासीची पट्टी तिसऱ्याच गाडीला, असंही होतं. गाडी तुमच्या वडिलांच्या नावावर राहिली आणि पुढे कुठे अपघात झाला, तर भरपाईची नोटीस घरी येते. कागदोपत्री मालकच जबाबदार, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018मध्ये स्पष्ट केलं आहे. म्हणून तीन गोष्टी ठाम: कोऱ्या फॉर्म 29-30वर (मालकी हस्तांतराच्या अर्जांवर) सही नाही, आरसीची मूळ प्रत आधी देणं नाही, आणि सहा लाख रोख नाहीत. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि दंड तेवढ्याच रकमेचा, घेणाऱ्याला. म्हणजे तुम्हाला.

गाडी आधी वारसाच्या नावावर करा. त्यासाठी फॉर्म 31. नियमाने मृत्यूनंतर 30 दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो. तुम्हाला उशीर झाला आहे, विलंबशुल्क भरावं लागेल, एवढंच. मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र आणि आई, भाऊ, बहीण यांची ना-हरकत लागते. बहिणीची ना-हरकत कॅनडातून, भारतीय वकिलातीत साक्षांकित करून मागवावी लागेल. ते काम आजच सुरू करा, सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागतो. इतकी जुनी नोंदणी आरटीओच्या संगणकावर नसण्याची शक्यता मोठी आहे. तसं असेल तर ‘बॅकलॉग एंट्री’साठी अर्ज करायचा, कार्यालय आपलं जुनं रजिस्टर काढून नोंद संगणकावर चढवतं. जिथे मूळ नोंदणी झाली त्या कार्यालयात जावं लागतं, आणि गाडी मुंबईची असल्याने ते कदाचित मुंबईतलंच असेल. नोंदणीची मुदत संपलेली असणारच. चालत नसलेली गाडी तपासणीला कशी दाखवायची हे लेखी अर्जात विचारा, तोंडी उत्तरावर विसंबू नका.

2021च्या जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं झालेली, धंद्यासाठी नसलेली दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. नव्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, पुनर्नोंदणीचं 5,000, मुदत दहा वर्षं. अशी गाडी रोज वापरता येत नाही; रॅली, प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर. जुन्या गाड्या मोडीत काढण्याच्या सरकारी भंगार धोरणाची भीती दाखवून कोणी भाव पाडत असेल तर त्याला हे नियम दाखवा.

यातली एक अट तुमच्या प्रकरणात थेट लागू होते. गाडी मूळ रूपात असावी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणजे फियाट इंजिनासह ही गाडी व्हिंटेज नोंदणीत अडकू शकते, आणि मूळ इंजिन हाताशी असलं तर नव्या मालकाला ते बसवून वाट मोकळी करता येते. कोपऱ्यातल्या त्या पोत्याची किंमत इथूनही येते. ‘नवीकोरी’ करण्याच्या नादात गॅरेजवाल्याने डिस्क ब्रेक, आल्टरनेटर, आधुनिक सीट असं काही बसवलं, तर ग्राहक आणि आरटीओ दोघांचाही प्रश्न वाढतो.

घरगुती वापराची गाडी विकून आलेल्या पैशावर सहसा भांडवली नफ्याचा कर लागत नाही, कारण ती वैयक्तिक वापराची जंगम वस्तू धरली जाते. रक्कम मोठी असली तर विवरणपत्र भरणाऱ्याला आधी विचारा. वारसांत वाटणी कशी दाखवायची तेही त्याच वेळी.

आईंचं म्हणणं

ते तुम्ही एका ओळीत उरकलं आहे. आईंना गाडी नको विकायला की ती पडवीत, डोळ्यांसमोर हवी, हे विचारलंत का? दोन्हींत फरक आहे. काही घरांत गाडी जाणकाराकडे गेली, पुन्हा चालती झाली आणि वर्षातून एकदा रॅलीत पाहायला बोलावणं आलं, तर हरकत नसते. भंगारात तुकडे होण्याची भीती असते. ग्राहक निवडताना गाडी अख्खी ठेवण्याची अट घालता येते. कायद्याने ती बांधून ठेवता येत नाही, पण जो माणूस गाडी अख्खी ठेवणार आहे त्याला ती जाचक वाटत नाही.

आणि न विकण्याचा पर्यायही खरा आहे, फक्त फुकट नाही. ठेवायची तर नीट ठेवा. चासीखाली घोड्या लावून चाकांवरचं वजन उतरवा. टाकीतलं पेट्रोल आणि रेडिएटरचं पाणी काढून टाका, प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे ऑइल सोडा, बॅटरी काढा. वर ताडपत्री घालू नका; साताऱ्याच्या पावसाळ्यात तिच्या आत पाणी सुटतं आणि पत्रा खालून गंजतो. सुती चादर आणि वारा खेळता ठेवणं पुरे. उंदरांसाठी सापळे, वायरिंगचं कापडी आवरण त्यांना फार आवडतं. हे सगळं एका रविवारचं काम आहे आणि पुढे विकायची ठरली तरी वाया जात नाही. मात्र ‘बघू नंतर’ म्हणत आणखी पाच पावसाळे गेले, तर लाकूड तुमच्यासाठी थांबणार नाही.

विकायचंच ठरलं तर

माझा कल आहे तशी विकण्याकडे आहे: अख्खी, दोन्ही इंजिनांसह, कागद पूर्ण करून, रंगाला हात न लावता. पहिले दोन-तीन महिने कागद आणि नोंदीत जातील, जाऊ द्यात. तेवढ्यात एमजी कार क्लबच्या टी रजिस्टरला (टी मालिकेच्या गाड्यांचा विभाग) चासी नंबर पाठवून त्या गाडीबद्दल काही नोंद आहे का ते विचारा. मुंबईत व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया आहे, वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन आहे. टीसी राखलेला माणूस तिथे भेटण्याची शक्यता सगळ्यात जास्त. एखाद्या स्वतंत्र जाणकाराला पैसे देऊन गाडी पाहून घ्या आणि लेखी अहवाल मागा. मात्र जो अहवाल देईल त्यालाच गाडी विकू नका.

जाहिरातीत दोषांपासून सुरुवात करा: चालत नाही, इंजिन बदललेलं, मूळ इंजिन सुटं उपलब्ध, लाकूड अमुक ठिकाणी कुजलेलं, टपाचा कॅनव्हास नाही. चाळीसेक फोटो हवेत, उन्हात नव्हे, ढगाळ उजेडात. खालची बाजू, नंबर, मीटर, चाकांचे आरे, इंजिनाचे तुकडे चादरीवर मांडून. चासी नंबरचे शेवटचे दोन आकडे फोटोत झाका, भेटीला आलेल्याला पूर्ण दाखवा. फोनवर पहिलाच प्रश्न ‘लास्ट किती?’ असेल तर वेळ घालवू नका. जो लाकडाबद्दल, गिअरबॉक्सबद्दल, पट्टीवरच्या नंबराबद्दल विचारतो, त्याच्याशी बोला. तो घासाघीस जास्त करेल, पण पैसे तोच देईल. एखादा मीटर किंवा कार्बोरेटर ‘एवढंच द्या, चांगले पैसे देतो’ म्हणणाऱ्याला ठाम नाही.

सहा लाख कमी की जास्त, हे मी गाडी न पाहता सांगणार नाही. पण दलालाने घाई केली, रोख दाखवली आणि कागदांची चिंता तुमच्याकडून काढून घेतली, यावरून त्याला निदान त्याहून बऱ्याच जास्तीची खात्री आहे एवढं दिसतं. त्याच्याशी संबंध तोडू नका. ‘वारसनोंद झाली की कळवतो, तेव्हा तुमचा आकडा लेखी द्या’ म्हणा. तीन गंभीर आकडे हातात आले की चारही जण बसून ठरवा, आणि वाटणी कशी होणार ते गाडी जाण्याआधी कागदावर आणा.

सौदा ठरला की मुद्रांक कागदावर करारनामा: ‘जशी आहे तशी, जिथे आहे तिथे’, चासी नंबर, दोन्ही इंजिनांचे नंबर, सुट्या भागांची यादी, रक्कम आणि ती कोणत्या खात्यातून आली, ताबा दिल्याची तारीख आणि वेळ. इसार दहा टक्के, मुदत पंधरा दिवस, मुदत टळली तर काय ते आधीच लिहा. पूर्ण रक्कम खात्यात दिसल्यावरच फॉर्म 29 आणि 30वर सह्या. ग्राहक परराज्यातला असेल तर फॉर्म 28ची ना-हरकतही. हस्तांतर तुम्ही स्वतः ऑनलाइन पाहून खात्री करा, त्याच्या शब्दावर सोडू नका.

गाडी नेताना सपाट पाठीचा ट्रक मागवा, साखळीने ओढून नेणं नको. मागचे ब्रेक जाम असतील तर चाकं सुटेपर्यंत ओढू नका. प्रत्येक चाकाखाली छोटी चाकवाली पाटी सरकवून ढकला. पट्टे पुढच्या अ‍ॅक्सलला आणि चासीला बांधा, बंपर किंवा लाकडी बॉडीवरून मुळीच नको. इंजिनाच्या पिशव्या वेगळ्या खोक्यात, यादीवर ग्राहकाची सही घेऊन, त्याच ट्रकमधून पाठवा.